कमानगंजच्या बारदानआक्का

आक्कांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या पोत्यात होत्या.

थट्टा नाही करत. टायपिंगचा क्लास काढायचा म्हणून मी कमानगंजच्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला आलो होतो आणि जिना काही सापडत नव्हता. एका दुकानापुढं थांबलो, तर आत एक बाई डोक्यापासून कमरेपर्यंत तागाच्या पोत्यात शिरून उभ्या होत्या आणि आतूनच एका शेतकऱ्याशी कानडीत घासाघीस करायल्या होत्या. शेतकऱ्यालाही त्याचं काही नव्हतं, तो पोत्याकडं बघून बोलत होता. मी जिना विचारला. पोत्यातून मराठीत उत्तर आलं, "डाव्या अंगाला. वरची पायरी हलती, सांभाळून." मग पोतं वर ओढलं गेलं आणि ठसठशीत कुंकू लावलेला, केसात तागाचे धागे अडकलेला चेहरा बाहेर आला.

त्यांचं नाव महानंदा. जुन्या पोत्यांचा, म्हणजे बारदानाचा धंदा, म्हणून सगळं गाव त्यांना बारदानआक्का म्हणायचं. दुकान सासऱ्यांचं. नवऱ्याला तागाच्या धुळीनं दमा लागला, तशा ह्या पदर खोचून गादीवर बसल्या. आमचं गाव बीदर जिल्ह्यातलं, तुरीच्या बाजाराचं, महाराष्ट्राची हद्द हाकेवर. सुगीत पोत्याला सोन्याचा भाव. जुनं पोतं घ्यायचं तर भोक बघून घ्यावं लागतं. बाकीचे बारदानवाले पोतं झटकून उन्हाकडं धरायचे. आक्कांना ते पटायचं नाही. "भोक बघायचं आसंल तर आंधारात शिरून बघावं, मास्तर," असं त्या म्हणायच्या, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असो, पोत्यात शिरायच्याच.

शेतकऱ्याशी त्या कानडी बोलायच्या, हमालांशी दखनी उर्दू, नारायणखेडकडून आलेल्या व्यापाऱ्याशी तेलुगू. रागावायचं असलं की मराठी. त्यामुळं त्यांनी मराठीत हाक मारली की हमाल लांबूनच सावध व्हायचे. आणि मत! कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तयार असायचं. पोरीला उदगीरला द्यावं का भालकीला, म्हैस घ्यावी का गाय, ऑपरेशन हैदराबादला करावं का गुलबर्ग्याला, लोक बिनदिक्कत येऊन विचारायचे आणि ह्या दाभणानं पोतं शिवता शिवता, मान वर न करता निकाल द्यायच्या. निम्म्या वेळा त्यांचा निकाल चुकायचाही. पण ज्याचं चुकलं तोही पुढच्या वेळी परत यायचा. मला तर क्लासची वेळसुद्धा त्यांनीच ठरवून दिली. मी सकाळी म्हणत होतो, त्या म्हणाल्या संध्याकाळी, आणि पोरं खरंच संध्याकाळी आली.

आता कमानगंजबद्दल सांगायला पाहिजे, कारण आक्का आणि ती इमारत वेगळी काढता येत नाही.

निजामाच्या राज्यात कुण्या धान्याच्या अडत्यानं बांधलेली ती दुमजली इमारत. खाली ओळीनं कमानी, प्रत्येक कमानीमागं एक दुकान, आणि सगळ्या दुकानांपुढून जाणारा एक लांबलचक ओटा. दगड लाल, जांभ्याचा. बीदरच्या किल्ल्याला आहे तोच. खाणीतून काढताना मऊ असतो, मग वाऱ्याउन्हात राहून घट्ट होत जातो. सांध्यात चुना, गिलाव्यात चुना. कमानींच्या माथ्यावर चुन्यातच काढलेली फुलं आणि पोपट, मधल्या कमानीवर तराजू. वर मातीचं माळवद. माझ्या खोलीत उन्हाळ्यात पंख्याविना पोरं टायपिंग करायची, ह्यावर नातेवाइकांचा विश्वास बसायचा नाही.

तो ओटा मात्र गैरसोयीचा उंच होता. शेजारचे कापडवाले गुरप्पा एकदा म्हणाले की बायकांना चढायला त्रास होतो, आपण हा ओटा अर्धा फोडून खाली घेऊ. सगळे हो म्हणत होते. दुसऱ्या दिवशी आक्कांनी तुरीच्या पोत्यांनी भरलेली एक बैलगाडी ओट्याला आडवी लावायला सांगितली आणि गुरप्पांना बोलावलं. गाडीचा साटा, म्हणजे माल ठेवायच्या फळ्या, आणि ओटा एका रेषेत आले. आक्कांनी एका हातानं पोतं ढकललं, ते सरकत सरकत थेट दुकानात. न उचलता. मग गुरप्पांना म्हणाल्या, "आता हे खालून वर उचलायला तुमी येता का रोज?" गुरप्पा बिचारे शर्टाची बाही सारखी करत आत गेले. ओट्याचा विषय परत निघाला नाही. बैलगाड्या जाऊन टेम्पो आले तरी निघाला नाही.

दरवर्षी दसऱ्याच्या आधी सगळ्या इमारतीला चुना लागायचा. मागच्या आडाजवळच्या हौदात चुनकळ्या टाकायच्या, पाणी सोडलं की रटरट उकळी. आक्का पदर तोंडाला बांधून हौदाशी उभ्या, कुणाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. त्यात गुळाचं पाणी पडायचं. मग दुकानदार सगळे लेंगे वर दुमडून कुंचे घ्यायचे. मीही घेतलाय. एवढं दरसाल कामून करायचं, असं मी एकदा विचारलं, तर आक्का म्हणाल्या, सासरे करायचे म्हणून. सासऱ्यांना कुणी सांगितलं होतं, ते कुणाला माहीत नव्हतं. दसरा आला की चुना, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

पुढं चुन्याची भट्टी बंद पडली. भट्टीवाला म्हातारा पोरांकडं हैदराबादला गेला, आणि पुडीतला जो चुना बाजारात आला तो पहिल्या सरीतच वाहून जायचा. एक वर्ष राहिलं, दोन वर्षं राहिलं, मग राहिलंच. भिंती काळ्या पडल्या, कमानींच्या खाचांत पिंपळ उगवले. आमची पुरसभा, म्हणजे नगरपालिका, तिच्यात बोलणं सुरू झालं की ही इमारत जुनाट झाली, पाडून शटरवालं कॉम्प्लेक्स बांधू. एक सदस्य बघायला आले. त्यांनी मोटारसायकलच्या किल्लीनं भिंत जरा खरवडली आणि म्हणाले, आक्का, किती जुनी झाली बघा ही.

आक्कांना ते फार लागलं. जणू कुणी त्यांच्या माहेराला नावं ठेवली. सदस्य गेल्यावर त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"जुनी म्हणायलेत न्हाई का? नवी करून दाखवू. मग कोण पाडतंय ते बघते म्या."

आम्हाला सगळ्यांना ते इतकं बरोबर वाटलं म्हणून सांगू. इमारत जुनी म्हणून पाडणार, तर ती जुनी दिसलीच नाही पाहिजे. ह्यात चूक काय आहे? आजही कुणी मला तसं म्हणालं तर मी क्षणभर हो म्हणेन. वर्गणी निघाली, गवंडी आला. त्यानं जुना चुना खरवडून काढला, जाळी ठोकली आणि पायापासून माळवदापर्यंत सिमेंटचा गिलावा मारला. फुलापोपटांशी येऊन थांबला. ह्यांचं काय करू, म्हणाला. आक्कांनी मान वर करून एकेक पोपट बघून घेतला. मग म्हणाल्या, भरून टाक, वरून रंगानं काढून घेऊ. रंगाचा निकालही त्यांचाच. पिस्त्याचा हिरवा, कडेला मरून, आणि तो ऑइल पेंटच पाहिजे, फडकं मारलं की साफ. फक्त मागची, गटाराकडची भिंत तेवढी राहिली. तिथवर वर्गणी पुरली नाही, आणि मागं कोण बघतंय?

काय झळकली हो कमानगंज! औरादकडून येणारी बस वळणावर आली की आतली माणसं माना बाहेर काढून बघायची. पेंटरनं पोपटाच्या जागी पोपट काढले होते, फक्त ते कोंबड्यासारखे झाले होते. गुरप्पा म्हणाले सुद्धा, पण हळूच. तेच सदस्य परत आले, आक्कांचे हात धरून म्हणाले, ओळखूच येईना. पाडायचा विषय मागं पडला. आक्कांनी सगळ्या बाजाराला हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण घातलं, हमालांना आग्रह करकरून वाढलं. इतक्या खुशीत मी त्यांना ना आधी बघितलं, ना नंतर.

दोन पावसाळे गेले आणि रंगाला फोड आले.

आधी खाली, ओट्याच्या वरच्या अंगाला. मग आत. आक्कांच्या थप्पीतली तळची पोती कुजायला लागली. तागाचा खमंग वास जाऊन दुकानात ओल्या फडक्यासारखा वास मारायला लागला. आक्कांना वाटलं गुरप्पांच्या माठाचं पाणी झिरपायलंय. त्यावरून दोघं महिनाभर बोलत नव्हते. मग त्यांना वाटलं गटाराचं असेल, म्हणून पदरमोड करून गटार दुरुस्त केलं. मग फोड खरवडून वर आणखी एक हात रंग मारला. गुरप्पा मला म्हणाले, "वरून कीर्तन, आतून तमाशा झालाय, मास्तर." मी म्हणालो, आक्कांना सांगू नका. त्यांनी सांगितलं नाही. पण आक्का रोज दाभणानं भिंतीला टोचून बघायच्या, ते मी जिन्यावरून बघत होतो. दाभण आत जायचं.

त्याच सुमाराला गुलबर्ग्याच्या कॉलेजातली एक मास्तरीण, पोरगीच ती, टेप घेऊन जुन्या बाजारपेठा मोजत फिरत आली. आक्कांनी तिला कौतुकानं सगळं दाखवलं. ओटा आणि बैलगाडीची गोष्ट सांगितली, ती तिनं लिहून घेतली. मग तिनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. भिंत पोकळ बोलली. तिनं आणखी दोन ठिकाणी वाजवली, मागं जाऊन गटाराकडची भिंत वाजवली आणि परत आली. तिचा चेहरा पडला होता.

ती कानडीत बोलली, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. जमिनीतलं पाणी ह्या दगडात नेहमीच चढत होतं. चुना ते बाहेर सोडत होता आणि वारा घेऊन जात होता. म्हणून दरसाल चुना. आता सिमेंट आणि ऑइल पेंटनं दगडाचं तोंड बांधलंय, पाणी आत कोंडलंय, दगड आतून विरघळायलाय.

आक्कांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी आमी काईच केलं नसतं तर?"

पोरगी खरं बोलणारी होती. "काही झालं नसतं," म्हणाली.

आणि मग तिला कळलं की आपण कुणापुढं काय बोललो. ती माझ्याकडं बघायला लागली. आक्का म्हणाल्या, चहा घ्या, गार व्हायलाय.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावून गिलावा काढायला लावला. छिन्नीचा घाव बसला तशी सिमेंटची खपली निघाली, आणि तिच्या पाठीला चिकटून तळहाताएवढा जाड लाल दगडही निघाला. हातात घेतला तर त्याचं पीठ व्हायला लागलं. गवंड्यानं दुसऱ्या ठिकाणी मारून बघितलं. तेच. ठेवलं तरी सडणार, काढलं तरी ढासळणार. आक्का म्हणाल्या, थांब. त्याला दिवसाची मजुरी दिली आणि दुपारीच दुकान बंद करून घरी गेल्या. दुपारी बंद झालेलं ते दुकान मी पहिल्यांदाच बघितलं.

तरी त्यांनी हात टेकले नाहीत. त्या पोरीनं सांगितलं होतं की जुन्या इमारतींच्या यादीत नाव गेलं तर चुन्याचं काम जाणणारे कारागीर सरकारकडून मिळतात. मला घेऊन आक्का बीदरला गेल्या. एका ऑफिसातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. शेवटी एक साहेब भेटले, भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली. फोटो दाखवा म्हणाला. माझ्या मोबाइलात होते ते फोटो सगळे रंगकामानंतरचे. आधी कोण फोटो काढतं आपल्या रोजच्या इमारतीचे? साहेबानं बोटानं फोटो मोठा केला, पिस्त्याचा हिरवा रंग बघितला, ते कोंबडे बघितले. म्हणाला, "अम्मा, हे तर नवं बांधकाम दिसतंय."

आक्कांनी त्याला समजावलं. कानडीत समजावलं, मग दखनीत. आतून जुनी हाय, साहेब. निजामाच्या टायमाची हाय. वर नुसता रंग हाय. तो मान हलवत होता, पण यादीत घालायला मूळ रूप शिल्लक असावं लागतं, असा नियम होता, आणि ते आमच्याकडं नव्हतंच. आम्हीच ते नव्यानं झाकलं होतं. जिना उतरताना आक्का मला म्हणाल्या, "म्या लईच चांगलं काम केलं की, मास्तर. सरकारलाबी वळखू यीना." परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. मला इतकं वाईट वाटलं. धीराचा जो शब्द सुचायचा तो खोटा होता.

पुढच्या पावसाळ्यात मधल्या कमानीचा पुढचा भाग ओट्यावर कोसळला. बाजार बंदचा दिवस होता म्हणून कुणाला लागलं नाही. पुरसभेची नोटीस लागली, इमारत धोक्याची, रिकामी करा. ह्या वेळी कुणी भांडलं नाही. गुरप्पांनी कापडाचे गठ्ठे हलवले, मी टायपिंगची मशिनं भंगारात देऊन स्टँडजवळ झेरॉक्स टाकलं. आक्कांच्या पोरानं, बसवराजनं, मार्केट यार्डात एक शटरचा गाळा घेतला. आक्का सगळ्यात शेवटी निघाल्या.

इमारत पाडली त्या दिवशी आक्का आल्या नाहीत. मी गेलो होतो. जेसीबीनं पुढची बाजू सकाळच्या सकाळी उतरवली. दात लागला की भिंत आपोआप बसत होती, लाल धुरळा नुसता. बघणारे म्हणत होते, बरं झालं पाडली, कुणाच्या तरी डोक्यात पडली असती. मग जेसीबी मागच्या भिंतीकडं वळला. गटाराकडची भिंत. जिला आम्ही काही लावलं नव्हतं. तिला दात लागेना. ड्रायव्हरनं मशीन मागं घेतलं, पुढं घेतलं, शिव्या दिल्या. जेवून आला, परत भिडला. संध्याकाळपर्यंत ती भिंत उभी होती. शेवटी ब्रेकर आणून फोडली. एकेक दगड आख्खा निघत होता, सांध्यातल्या चुन्यासकट.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी विचारलंच. पुढचं कसं पडलं ते नाही विचारलं.

"मागची भिंत कशी पडली?"

मी म्हणालो, पडली आक्का.

"लवकर पडली का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, न्हाई, दिवस गेला. आक्कांनी "व्हय का" म्हणून मान हलवली आणि दाभणात सुतळी ओवायला घेतली. ती काही ओवली जाईना. मी ओवून दिली.

नंतर त्या यार्डातल्या गाळ्यात बसायच्या. पत्र्याखाली उकडायचं. बसवराज धंदा बघायचा, आक्का नुसत्या पोती शिवायच्या. लोक अजून विचारायला यायचे, सवयच ती. आक्का म्हणायच्या, बसवराजला इचार. पोरीच्या लग्नाचं असो नाहीतर म्हशीचं, बसवराजला इचार. बसवराज वैतागायचा.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते मागच्या सुगीनंतर. ठाणाकुशनूरचा एक शेतकरी आला होता, जुनं गिऱ्हाईक. टेम्पो गाळ्यापुढं लावून उतरला. पोती घ्यायची नव्हती. म्हणाला, आक्का, वाडवडिलांचं दगडी घर हाय, वसरीच्या भिंतीला ओल धरलीय. पोरं म्हणायलेत शिमिट मारून टाकू, एकदाचं मिटंल. म्हणलं तुमाला इचारून घ्यावं. टेम्पोत मागं सिमेंटची पोती रचलेली दिसत होती. विचारायचं ते आपलं मान म्हणून, घेऊन तर झालंच होतं.

आक्कांच्या हातातलं दाभण थांबलं. त्या बसवराजचं नाव घेतील असं मला वाटलं. त्यांनी घेतलं नाही.

"नको मारूस," म्हणाल्या.

शेतकरी चमकला. "मग काय मारू?"

आक्कांनी तोंड उघडलं. चुना म्हणाव्यात तर भट्टी कुठं आहे? भट्टी असली तरी तो मळायचा कसा, लावायचा कसा, हे जाणणारा गवंडी कुठून आणायचा? हौदात गूळ किती पडायचा हेसुद्धा आता आम्हा कुणाला नक्की आठवत नव्हतं. शेतकरी वाट बघत होता. विचारलं आणि आक्कांनी निकाल दिला नाही, असं कधी झालेलं त्याला माहीत नव्हतं.

"ते मला ठावं न्हाई रं बाबा," त्या म्हणाल्या. "हे न्हाई मारायचं, एवढंच ठावं हाय."

तो हसला. आक्का म्हाताऱ्या झाल्या असं त्याला वाटलं असणार. काहीतरी तर मारावंच लागंल की, म्हणाला, नमस्कार केला आणि टेम्पोत बसला. आक्का उठून शटरपर्यंत आल्या. हाक मारतील, मराठीत, मोठ्यानं, असं मला वाटलं. पण हाक मारून सांगायचं काय? सिमेंटची पोती घेऊन टेम्पो यार्डाच्या फाटकातून बाहेर पडला आणि औरादच्या रस्त्याला लागला. आक्का शटरच्या कडेला धरून तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभ्या होत्या.